माझं अमेरिकन तण

"आई, मी वीड लावलंय," असं मी फोनवर सांगितलं आणि पलीकडे दोन सेकंद सन्नाटा. मग आईने आवाज एकदम खाली आणला. "अगं, पोलीस-बिलीस? आणि जावईबापूंना माहितीये का?"

आईची काहीच चूक नव्हती. इलिनॉयमध्ये २०२० पासून मोठ्या माणसांना गांजा कायदेशीर आहे, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. नवऱ्याच्या मागे अमेरिकेला गेलेली आपली मुलगी घरी बसून बसून भलत्या मार्गाला लागली, असं तिला वाटलं. माझं वीड वेगळं होतं. बटरफ्लाय वीड. शास्त्रीय नाव अ‍ॅस्क्लेपियस ट्युबरोसा. हे ऐकल्यावर आई जरा सावरली आणि म्हणाली, "म्हणजे तण. तण काय लावायचं असतं होय? ते येतंच."

असो. नीट सुरुवातीपासून सांगते.

२०२१ च्या सप्टेंबरात मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात जाऊन पडले. त्याआधी मास कॉम करून पुण्यात एका दैनिकाच्या पुरवणीत दोन वर्षं घासली होती. डेडलाइन, कटिंग चहा, संपादकांचं 'अजून चारशे शब्द दे ना' वगैरे. लग्न झालं, नवरोबा आयटीत, त्याचा एच-वन, माझा एच-फोर. एच-फोर म्हणजे काय ते ज्यांच्या मैत्रिणी तिकडे आहेत त्यांना सांगायला नको. काम करायची परवानगी नाही. व्हिसाच्या भाषेत तुम्ही असता 'डिपेंडंट'. सकाळी साडेआठला नवरा लॅपटॉप उघडायचा आणि मी डिशवॉशर. पहिल्या महिन्यातच मी घरातले सगळे मसाले अक्षरांच्या क्रमाने लावून टाकले. आता बोला!

आमचं घर भाड्याचं. एकाला एक चिकटलेली, एकाच मापाची, एकाच रंगाची घरं आणि पुढे सगळ्यांचं गवत एकाच उंचीचं. अपवाद फक्त शेजारच्या आजींचा. (तोंडावर मी त्यांना नावानंच हाक मारायचे, तिथली रीतच ती. मनातून मात्र आजीच.) शाळेत लायब्ररियन होत्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. त्यांच्या मागच्या अंगणात पुरुषभर उंचीचं गवत, वाळकी बोंडं, काड्या. मला वाटलं, बिचारीला वयामुळे गवत कापवत नसेल. एकदा कॉफीला बोलावलं तेव्हा मी फार मोठं मन करून म्हटलंसुद्धा, "माझा नवरा शनिवारी कापून देईल हं."

आजी इतक्या हसल्या की कॉफी सांडली. मग मला हाताला धरून मागे घेऊन गेल्या. ते वाढलेलं गवत नव्हतं. ती प्रेअरी होती. वीस वर्षं खपून त्यांनी ती लावली होती.

इलिनॉयला 'प्रेअरी स्टेट' म्हणतात. पण प्रेअरी शोधायला गेलात तर मक्याशिवाय काही सापडत नाही. दोनशे वर्षांपूर्वी या राज्यात सुमारे २ कोटी २० लाख एकर गवताळ रान होतं. त्यातलं अस्सल, न नांगरलेलं असं आज जेमतेम अडीच हजार एकर उरलंय. मुळांचं जाळं इतकं दाट आणि माती इतकी चिकट, की सुरुवातीच्या वसाहतवाल्यांचे बिडाचे नांगर दर थोड्या वेळाने थांबून खरवडावे लागायचे. १८३७ मध्ये इलिनॉयमधल्याच ग्रँड डिटूर गावात जॉन डिअर नावाच्या लोहाराने पोलादी नांगर बनवला आणि त्या रानाचा खेळ संपला. जे तुकडे वाचले ते जुन्या दफनभूमींत आणि रेल्वेलाइनच्या कडेला. तिथे कुणी नांगर घातला नाही म्हणून.

बातमीचा वास आला की माझं डोकं चालायला लागतं. छापायला पेपर नव्हता, पण प्रश्न विचारायला कुणाची बंदी होती? पुढचे दोन महिने मी नवऱ्याला दर वीकएण्डला कुठे ना कुठे पिटाळलं. लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटममध्ये १९६२ पासून माणसांनी पुन्हा लावत आणलेली प्रेअरी आहे, शूलेनबर्ग प्रेअरी. ती पाहिली. बटेव्हियाची फर्मीलॅब, जिथे अणूपेक्षा सूक्ष्म कणांचा अभ्यास करतात, तिथेही प्रेअरी आहे आणि चक्क रानगव्यांसारखे दिसणारे बायसन चरत असतात. नवरा फिजिक्सवाला, म्हणून त्या दिवशी त्याची कुरकुर नव्हती. एरवी "गवत बघायला चाळीस मैल?" हे पालुपद ठरलेलं.

ऑक्टोबरच्या एका दुपारी आजींनी एक वाळकी, बोटभर लांब शेंग माझ्या हातावर ठेवली आणि नखाने उकलली. आत खवल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या चपट्या तपकिरी बिया आणि प्रत्येकीला रेशमी झुपका. वाऱ्याची झुळूक आली आणि त्यातल्या चार-पाच उडाल्या.

"म्हातारी!" मी ओरडलेच. मराठीत.

आजींना वाटलं मी त्यांना काहीतरी म्हणतेय. मग मी त्यांना समजावत बसले, की आमच्याकडे रुईची शेंग फुटली की अशाच म्हाताऱ्या उडतात, पोरं त्यांच्यामागे धावतात. माझी सातारची आजी शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची, पानं तोडायला मला न्यायची आणि दर वेळी बजावायची, "चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस गं." आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन एक जाडजूड पुस्तक आणलं. रुई आणि हे बटरफ्लाय वीड एकाच कुळातली निघाली! सख्खी नाही, पण चुलत म्हणायला हरकत नाही. मजा म्हणजे या जातीच्या पानांतून पांढरा चीक येत नाही. तिच्या बाकीच्या बहिणींच्या पानांतून येतो, म्हणून तर त्यांना मिल्कवीड म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनी मिल्कवीडच्या शेंगा पोती भरभरून गोळा केल्या होत्या, हेही आजींनीच सांगितलं. जावाहून येणारा सावरीचा कापूस बंद पडला होता, मग खलाशांच्या लाइफ जॅकेटांत या म्हाताऱ्या भरल्या.

त्यांनी मला एका पाकिटात वीस बिया दिल्या. आमच्या ड्राइव्हवेच्या कडेला चार बाय सहा फुटांची एक मोकळी पट्टी होती, घरमालकाचं एक झुडूप तिथे मरून गेलं होतं. तिथे लाव म्हणाल्या.

आता तुम्ही म्हणाल, बी पेरायचं, पाणी घालायचं, त्यात काय एवढं? तर या बाईसाहेबांचं तसं नाही. हिला आधी थंडी लागते. हिवाळा अंगावरून गेल्याशिवाय बी बहुतेक उगवतच नाही. ऑक्टोबरच्या उबदार दुपारी उगवून जानेवारीत मरण्यापेक्षा थांबलेलं बरं, हे त्या बीला कळतं. बाहेर पेरून हिवाळ्यावर सोपवता येतं, पण मला वीसच बिया मिळालेल्या, म्हणून आजींनी फ्रिजचा मार्ग सांगितला. ओलसर वाळू, झिपलॉकची पिशवी, निदान एक महिना. वाळू मुठीत दाबली तर पाणी टपकता कामा नये, नाहीतर बुरशी.

फेब्रुवारीच्या शेवटी माझी पिशवी फ्रिजमध्ये गेली, कोथिंबीर आणि इडलीच्या पिठाच्या मधोमध. एका शनिवारी नवऱ्याचे मित्र जेवायला आले, त्यातल्या एकाने ती पिशवी बाहेर काढून विचारलं, "वहिनी, हा कुठला मुखवास?" थोडक्यात वाचला.

एप्रिलमध्ये त्या बिया मी टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये पेरल्या, पाव इंच खोल. नळ्याच का, तर हिचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं आणि त्याला धक्का लागलेला अजिबात चालत नाही. पुठ्ठ्यासकट जमिनीत ठेवलं की काम झालं. (भारतीय घरात त्या नळ्या जमवणं हा वेगळा विषय आहे. शेजारच्या आजींनीच पुरवल्या.) वीसातल्या अकरा उगवल्या. दोन मी जास्त पाणी घालून मारल्या. आपल्याकडे रोपावरचं प्रेम म्हणजे पाणी, तिकडेही मी तेच केलं. मे महिन्याच्या मध्यावर शेवटचं हिव पडून गेल्यावर नऊ रोपं पट्टीत लावली. जमीन चिकणमातीची, पाणी धरून ठेवणारी, ते हिला सोसत नाही, म्हणून बारीक खडी मिसळून थोडा उंचवटा केला. खत नाही. आजींचा त्याबाबत सक्त दम होता. भरल्या पोटी ही नुसती पालेभाजी होते, म्हणायच्या. मग ससे आले. अमेरिकन उपनगरातला ससा हा कार्टूनमध्येच गोड दिसतो. सकाळी उठून पाहते तर पाच रोपांचे शेंडे गायब. उरली चार. त्यांच्याभोवती कोंबड्यांसाठी असते तशी जाळी लावली.

सबंध २०२२ चा उन्हाळा ती चार रोपं वीतभरसुद्धा झाली नाहीत. फूल तर सोडाच. फुलायला दुसरं, कधी तिसरं वर्ष उजाडतं. पहिल्या वर्षी सगळी कमाई जमिनीखाली जाते. रोज सकाळी चहाचा मग घेऊन मी त्या चार काड्यांसमोर उभी राहायचे. नवरा म्हणायचा, "हाजिरी घेऊन झाली का?"

जुलैमध्ये पत्र आलं. घरांच्या व्यवस्थापनाकडून घरमालकाला आणि मालकाकडून आम्हाला. दर्शनी भागात तण वाढलं आहे, चौदा दिवसांत काढावं. नवऱ्याचा चेहरा उतरला. भाडेकराराची मुदत जवळ आलेली, तिकडे माणूस कागदाला घाबरून असतो. "काढून टाकू ना. चार तर काड्या आहेत." मी त्याच्याशी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी लॅपटॉप उघडला आणि दीड वर्षात पहिल्यांदा एक कॉपी लिहिली. फोटो, शास्त्रीय नाव, आणि मुद्दा क्रमांक एक : २०१७ मध्ये याच राज्याने मिल्कवीडला आपलं राज्य-रानफूल म्हणून जाहीर केलंय, तेव्हा तण कुणाला म्हणताय? जरा झणझणीतच झालं होतं. आजींनी वाचून अर्धं कापलं. (उत्तम संपादक!) वर सल्ला दिला, की लोकांना झाड खुपत नाही, गबाळेपणा खुपतो. पट्टीला विटांची सरळ कड घाल आणि नावाची पाटी लाव. विटा आणल्या, पाटी लावली. पुन्हा पत्र आलं नाही. आता तर २०२४ पासून तिथे कायदाच झालाय, की घरांच्या संघटनेला रहिवाशांना देशी झाडं लावायला सरसकट बंदी घालता येत नाही. दोन वर्षं उशीर झाला म्हणायचा.

ऑगस्टमध्ये आजींच्या अंगणात, त्यांच्या मोठ्या झाडावर, मी पहिल्यांदा मोनार्कची अळी पाहिली. काळे, पिवळे, पांढरे पट्टे, पुढे एक आणि मागे एक अशा शिंगांच्या दोन जोड्या. ही मिल्कवीडची पानं सोडून दुसरं काही खात नाही, उपाशी मरेल पण खाणार नाही. उन्हाळा संपता संपता जन्मलेली फुलपाखरं तिथून मेक्सिकोच्या डोंगरांत जातात, हजारो मैल, आधी कधी न पाहिलेल्या जागी. वसंतात त्यांची पिलावळ टप्प्याटप्प्याने पुन्हा उत्तरेकडे. मी दहा दिवस त्या अळीला रोज भेटायला गेले. माझ्या झाडांवर मात्र काहीच नव्हतं. खरं सांगू? हेवा वाटला.

आणि मग जानेवारी २०२३. तेव्हाच्या बातम्या तुम्हालाही आठवत असतील, रोज कुठली तरी कंपनी हजारो माणसं काढत होती. एका बुधवारी सकाळी पावणेनऊला नवऱ्याने लॅपटॉप उघडला, तो उघडलाच नाही. पासवर्ड चालेना. वैयक्तिक मेलवर पत्र येऊन पडलं होतं.

एच-वनवाल्याची नोकरी गेली की साठ दिवस. त्यात दुसरी मिळवा, व्हिसाचं दुसरं काही बघा किंवा निघा. आमच्या फ्रिजवर नवऱ्याने कॅलेंडर चिकटवलं आणि रोज रात्री एक फुली मारायचा. चाळीसाव्या दिवसाच्या आसपास आमचं कडाक्याचं भांडण झालं. विषय काय, तर दही संपलं होतं. दह्यावरून सुरू होऊन तो म्हणाला, "तुला काय, तुला तर परत जायचंच होतं. तू मनातून खूशच असशील." मी काही बोलले नाही. कारण त्यात थोडं खरं होतं. पहिल्या दिवशी, त्याच्या पाठीवरून हात फिरवत असताना, माझ्या मनात कुठेतरी 'पुणे' असा दिवा लागला होता. हे मी त्याला अजूनही सांगितलेलं नाही. आता छापून येईल तेव्हा वाचेल.

मार्चच्या शेवटच्या आठवड्याचं तिकीट निघालं. सामान विकलं, गाडी विकली, मसाल्यांच्या बाटल्या ओळखीच्या एका मराठी घरात दिल्या. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी मी पट्टीसमोर जाऊन उभी राहिले. विटांच्या चौकटीत नुसती काळी माती आणि कडेला मळकट बर्फाचा ढिगारा. बटरफ्लाय वीड सगळ्यात उशिरा उठतं. बाकीचं रान हिरवं होऊन जातं तरी हिचा पत्ता नसतो, मेमध्ये कधीतरी कोंब वर येतो. तोवर लोक मेलं समजून खणून टाकतात. माझी चार झाडं त्या मातीखाली जिवंत आहेत की गारठून मेलीत, हे कळायला दोन महिने होते आणि माझ्याकडे पंधरा तास.

आजींना विचारलं, तुमच्याकडे हलवू या का? त्या म्हणाल्या, मूळ तुटेल, नको. मग मी चारही जागांवर आइसक्रीमच्या काड्या रोवल्या आणि येणाऱ्या भाडेकरूंसाठी कागद लिहून गॅरेजच्या दाराला आतून चिकटवला. इथे खणू नका. मे संपेपर्यंत काही दिसणार नाही. पाणी घालायची गरज नाही. सशांकडे लक्ष ठेवा. खाली नाव लिहिलं आणि मग, परत जायला आतुर असलेली मी, त्या गॅरेजमध्ये बसून हमसून हमसून रडले. नवरा दारात उभा होता. काही बोलला नाही, शेजारी येऊन बसला. दह्यानंतरचं आमचं ते पहिलं नीट बसणं.

आजी निरोप द्यायला आल्या त्या बियांचं पाकीट घेऊन. मी नाही घेतलं. एक तर परवान्याशिवाय बी-बियाणं असं खिशातून देशात आणता येत नाही. आणि दुसरं म्हणजे मी पुण्याची. काँग्रेस गवताची भारतातली पहिली नोंद १९५० च्या दशकात झाली ती आमच्याच पुण्यात, आणि तेही अमेरिका खंडातूनच आलेलं. आजींना ही गोष्ट सांगितली तर त्यांनी पाकीट झटकन खिशात टाकलं.

पुण्यात आलो. नवऱ्याला चार महिन्यांनी नोकरी लागली, मी फ्रीलान्सिंग सुरू केलं. सातव्या मजल्यावरची बाल्कनी, पश्चिमेचं ऊन. एकदा नर्सरीत सहज विचारलं, रुईच्या जातीचं कुंडीत येईल असं काही आहे का? नर्सरीवाल्या काकांनी लाल-पिवळ्या फुलांचं एक रोप पुढे केलं. "हे घ्या, हळदी-कुंकू." घरी येऊन पाहते तर अ‍ॅस्क्लेपियस कुरासाव्हिका! म्हणजे पुन्हा मिल्कवीडच, मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं, पण इतकी वर्षं इथे राहिलंय की नावसुद्धा मराठी. सहा आठवड्यांत त्यावर अळ्या. तेच काळे-पिवळे-पांढरे पट्टे, फक्त शिंगांच्या जोड्या तीन. बिबळ्या कडवा, मोनार्कचा इथला भाऊबंद, जो रुईवर वाढतो. सातव्या मजल्यापर्यंत त्याला पत्ता कुणी दिला देव जाणे. झाड पार बोडकं करून टाकलं, सोसायटीतल्या एका काकूंनी औषध मारायला सांगितलं, मी हसून मान डोलावली आणि मारलं नाही.

२०२३ चा मे गेला, जून गेला. आजींना मेल करावंसं वाटायचं आणि हात आखडायचा. नसेलच उगवलं तर? त्यांनीही विषय काढला नाही. दिवाळीच्या शुभेच्छा, ख्रिसमसच्या शुभेच्छा, गुडघ्याचं ऑपरेशन, एवढंच.

२०२४ च्या जुलैमध्ये, मी एका लेखाच्या डेडलाइनवर बसले असताना मेल आला. विषयाच्या जागी नुसता '२' हा आकडा. खाली फोटो. विटांची कड, रंग उडालेली पाटी आणि त्यामागे गुडघ्याएवढी दोन झाडं, भडक नारिंगी. आजींनी खाली लिहिलं होतं : चारातली दोन जगली. मागच्या वर्षी नुसती पानं होती, तुला उगाच आशा लावायची नव्हती. नव्या भाडेकरूंची मुलगी दुसरीत आहे, तुझा कागद तिने पाठ केलाय, बाबांना गवत कापायचं यंत्र विटांच्या जवळपाससुद्धा आणू देत नाही.

मी फोटो मोठा करकरून पाहिला. डावीकडच्या झाडाच्या तिसऱ्या पानाखाली पट्टे दिसतायत का? दिसत होते. नवऱ्याला मीटिंगमधून उठवून फोन दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "खडी मीच वाहिली होती हं."

मेलच्या शेवटी आजींनी विचारलं होतं, सप्टेंबरात शेंगा धरतील, तुझ्या नावाचं पाकीट करून ठेवू का?

मी लिहिलं, त्या दुसरीतल्या मुलीला द्या. आणि तिला म्हणावं, फ्रिजमध्ये ठेवशील तेव्हा पिशवीवर नाव लिही.